कीबोर्डवरचे तांदूळ

मी कोणत्याच फोल्डरले हात लावला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या आठवड्यात माझ्या पोटच्या पोरानं मले तीनदा विचारलं, "आई, तू काही डिलीट तर नाही केलं ना?" अरे बापा, मले डिलीट करता आलं असतं तर मी आधी तो कॉम्प्युटरच डिलीट केला असता!

आमचं घर अमरावतीले, अंबागेटच्या आत. हे, म्हणजे मोरोपंत, पुरोहित. गाव यायले गुरुजी म्हणते. बारा वर्षांपासून यायचा एक नेम आहे. त्या दिवसाची तिथी, नक्षत्र, राहुकाळ अन् पूजेच्या आधी म्हणायचा संकल्प, हे सगळं सकाळी पावणेसहाच्या आत यजमानांपर्यंत पोचलं पायजे. आधी देवळाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे. मग मोबाइल आला. मग यजमान वाढले, अन् एकेकाले पाठवता पाठवता माझा अंगठा दुखायले लागला. माझा, यायचा नाही. हे सांगत अन् मी पाठवत.

दसऱ्याले श्रेयस घरी आला. श्रेयस आमचा मोठा, बंगलोरले असते, कॉम्प्युटरचंच काम करते. त्यानं माझा अंगठा पाहिला अन् दोन दिवसांत एक प्रोग्राम बसवून दिला. बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर वर्षभराचं पंचांग भरून ठेवलं. आता सकाळी कॉम्प्युटर चालू केला की यायच्या नंबरावरून चारशे बारा लोकायले मेसेज आपोआप जाणार.

"कोण्या भल्या माणसानं मेसेज पाठवायच्या तयार कोडची लायब्ररी फुकटात करून ठेवली, आई. मी फक्त त्याच्यावर आपलं काम बसवलं," तो म्हणाला. मले लायब्ररी म्हटलं की राजकमल चौकाकडचं वाचनालय आठवते, पण मी काही बोलली नाही. शिकलेल्या पोराले किती अडवावं?

फक्त एक करायचं होतं. पहिल्यांदा चालू केलं की पडद्यावर एक काळा-पांढरा चौकोन येते, किड्यामुंग्यायची रांगोळी काढल्यासारखा. तो यायच्या फोननं स्कॅन करायचा. म्हणजे कॉम्प्युटरले कळते की हे गुरुजीच आहेत.

"अन् हे एकदाच बरं का, आई. एसटीचा पास असते ना, तसं. एकदा ओळख दाखवली की तो पास एका फोल्डरमध्ये जपून ठेवते. त्याले सेशन म्हणतात. मग कॉम्प्युटर बंद करा, चालू करा, लाइट जाऊ द्या, काही होऊ द्या. तो पास पाहून आपोआप आत जाते. परत चौकोन येत नाही."

असं सांगून तो बंगलोरले गेला, अन् दुसऱ्याच दिवशी सकाळी चौकोन आला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. महिनाभर रोज आला! मी साडेपाचले उठून शाल गुंडाळून त्या कॉम्प्युटरपुढं उभी. तो चौकोन भारी चवचाल, वीस-वीस सेकंदांत बदलते. फोन समोर धरला की गेला, परत धरला की गेला. पण अंगठा दुखण्यापेक्षा हे परवडलं म्हणून मी श्रेयसले काही बोलली नाही. वाटलं, असंच असन. यंत्राचं आपल्याले काय समजते?

आता तुमी म्हणसान, गुरुजींनी स्वतःच काहून नाही केलं? सांगते. हे चार वाजता उठून आंघोळ करतात अन् सोवळं नेसतात. आठ वाजेपर्यंत पूजा. सोवळ्यात मोबाइलले हात लावत नाहीत. म्हटलं, मग आंघोळीच्या आधी करा, चारले कॉम्प्युटर चालू करा अन् चौकोन स्कॅन करून टाका. तर म्हणाले, "पारोशानं पंचांगाच्या कामाले हात लावू?"

म्हणजे आंघोळीच्या आधी पंचांगाले हात लावता येत नाही अन् आंघोळीच्या नंतर फोनले. सांगा आता, या माणसानं तो चौकोन कधी स्कॅन करावा? त्याचं उत्तर एकच. कुंदानं, म्हणजे मी, करावा.

हेही चाललं असतं. पण कार्तिकात मैथिलीचा फोन आला.

मैथिली माझी धाकटी. अकोल्याले दिली, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं. नववा महिना, त्यात बीपी वाढलेलं. डॉक्टरनं सांगतलं, पलंगावरून उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. म्हणजे माहेरी आणायचा प्रश्न मिटला. तिच्या सासूचे, माणिकबाईंचे, दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. सोमवारी सकाळी साडेसातले सिझर ठरलं. मैथिली फोनवर एवढंच म्हणाली, "आई, या वेळेस तू आधीच ये."

या वेळेस. हा शब्द माझ्या काळजात जाऊन बसला.

दोन वर्षांआधी तिचं सातव्या महिन्यातलं बाळ गेलं. त्या दिवशी सकाळी सहाले जावयाचा फोन आला होता. मी मागच्या आंगणात नळावर पाणी भरून राहिली होती. फोन देवघराच्या बाहेर फळीवर, अन् हे आत पूजेले बसलेले, सोवळ्यात. फोन तीनदा वाजला. यायनं आयकला. उचलला नाही. आवाज देऊन मले सांगतलंही नाही, कारण मंत्र मधात तोडता येत नाही. मी सात वाजता पाहिलं. अकोल्याले पोचली तोपर्यंत सगळं संपलं होतं. जावई कागदं घेऊन खालीवर पळत होता अन् माझी पोरगी भिंतीकडं तोंड करून एकटी पडली होती. डॉक्टर म्हणाल्या, तुमी तासभर आधी आल्या असत्या तरी बाळ वाचलं नसतं. नसन वाचलं. पण तो तास माझी पोरगी एकटी राहिली नसती. या गोष्टीवर आमी दोघं नवरा-बायको आजवर एक शब्द बोललो नव्हतो.

म्हणून मी ठरवलं, शनिवारच्या गाडीनं जायचं म्हणजे जायचं. मंगळवारी यायले सांगतलं.

"जा ना," हे म्हणाले.

"अन् चौकोन?"

हे पंचांग चाळायले लागले.

"आठ-पंधरा दिवस बंद ठेवा मेसेज. यजमान काही उपाशी मरत नाहीत."

"नेम आहे. ज्या दिवशी चुकला त्या दिवशी मी अन्न घेत नाही. तुले माहीत आहे."

माहीत आहे ना! हाच तर घोर होता. यायले शुगर आहे. श्रावणात एक निर्जळी केली तर ओसरीवर चक्कर येऊन पडले होते, कपाळाले तीन टाके. घरात दुसरं कोणी नाही.  शेजारच्या पिंकीले विचारलं तर ती म्हणाली, "काकू, साडेपाचले? या थंडीत?" तिचंही काय चुकलं?

मग मी श्रेयसले फोन लावला अन् महिन्याभराचं सगळं बाहेर काढलं. "काय रे, एकदाच म्हणाला होता ना? तुझा तो पास रोज फाटून राहिला!"

"रोज? अन् तू आता सांगून राहिली?" तो चाटच पडला. "म्हणजे बंद करून चालू केलं की सेशन टिकत नाही. फोल्डर चुकीच्या जागी सेव्ह होत असन. थांब, मी इथूनच पाहतो."

अन् आमच्या कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप फिरायले लागला. मी दोन पावलं मागं सरली. त्यानं काय काय उघडलं, काय काय लिहिलं. "झालं, आई. आता फोल्डर पक्क्या जागी आहे."

बुधवारी सकाळी चौकोन.

अन् कीबोर्डवर पाच-सात तांदळाचे दाणे. हे दाणेही रोजचेच होते. चष्मा न लावता, अर्ध्या झोपेत मी ते झटकून टाकत असे. उंदीर झाला असन म्हणून पिंजराही लावून ठेवला होता. भज्याचा तुकडा वाळून कोळसा झाला, पण उंदीर काही सापडला नाही.

बुधवारी श्रेयस म्हणाला, व्हायरस पकडायचं जे सॉफ्टवेअर आहे तेच आपला फोल्डर व्हायरस समजून खात असन. ते काढून टाकलं. गुरुवारी सकाळी चौकोन.

"आई, तू साफसफाई करताना काही दाबलं तर नाही?"

"मी फडक्यानं पुसते रे, बोटानं नाही!"

गुरुवारी त्यानं नवीन शक्कल काढली. रात्री कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. बंद नाही, तर परत चालू करणंही नाही, मग सेशन जाईन कुठं? मी बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली, माझा हात सवयीनं जाऊ नये म्हणून. रात्रभर त्या खोलीत निळा उजेड. शुक्रवारी सकाळी मी देवाचं नाव घेऊन गेली, तर कॉम्प्युटर ठणठणीत चालू, अन् पडद्यावर चौकोन माझी वाट पाहत बसलेला. अन् तांदूळ.

श्रेयसनं मले दोनदा तेच विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "असं होऊच शकत नाही, आई."

"होऊन राहिलं ना, बापा!"

"ते बंदच झालं नाही तर सेशन गेलं कसं?" मले वाटलं तो मलेच विचारून राहिला. "हे पाह, सकाळी तू स्कॅन केलं की फोल्डर बनते, मले इथून दिसते. रात्री पाहिलं तर फोल्डरच नसते. म्हणजे दिवसा मधातच कोणीतरी काढून टाकते. घरात कोण कोण असते?"

"मी अन् तुझे बाबा."

"बाबा तर कॉम्प्युटरले हात लावत नाहीत."

"नाहीच लावत."

"मग आई, तू..."

मी फोन ठेवून दिला.  पिशवी भरून तयार होती. डिंकाचे लाडू, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, बाळंतिणीले शेकायच्या शेगडीचा पत्रा. उद्या सकाळी बडनेऱ्याहून गाडी. अन् मी जाऊ का नाही, हे एका किड्यामुंग्यायच्या चौकोनाच्या हातात! खरं सांगते, मले तेव्हा असंही वाटून गेलं की हे सगळं आपल्याले अडवायलेच होऊन राहिलं. कोणाच्या मनात आहे की मी जाऊ नये? असं वाटलं अन् लाजही वाटली.

मग ठरवलं, पाळतच ठेवते. श्रेयसले सांगून तो फोल्डर पडद्यावर उघडा ठेवून घेतला, पिवळा, छोटा. दुपारी दोन वाजता मेथीच्या चार जुड्या घेऊन मी त्या खोलीत दाराआड पाटावर बसली. मेथी निवडायची, एक नजर फोल्डरवर. तीन वाजले, फोल्डर आहे. चार वाजले, आहे. पाच वाजले, चहाची वेळ झाली तरी मी उठली नाही. यायनं आतून आवाज दिला, "अगं, सांजवात!" मी म्हटलं, "आज तुमीच लावा."

यायनं दिवा लावला. शुभंकरोती झालं. अन् मग हे बाहेरच्या खोलीत आले. संध्याकाळी सोवळं नसते, साधं धोतर अन् खांद्यावर उपरणं. उजव्या हातात छोटी वाटी. डाव्या हातात फोन. मले पाहिलं, पण काही चोरीचं काम करून राहिले असं नाही, रोजचंच करून राहिले असं. कॉम्प्युटरपुढं उभे राहिले, वाटी अन् फोन टेबलावर ठेवला, डोळे मिटले, ओठ हलले. वाटीतून चिमूटभर अक्षता घेतल्या, कीबोर्डवर वाहिल्या, हात जोडले. मग फोन वर धरून चष्म्यातून पाहत, अंगठ्यानं दोन ठिकाणी हळूच दाबलं.

माझ्या डोळ्यांदेखत पिवळा फोल्डर गायब!

मांडीवरची मेथी सगळी जमिनीवर. "हे काय केलं तुमी?"

"विसर्जन," हे म्हणाले.

"कशाचं?"

"याचं." कॉम्प्युटरकडं हात केला. "सकाळी आत बसल्या-बसल्या मी याचं आवाहन करतो. याच्या हातून एवढ्या लोकांचा संकल्प जाते. आवाहन केलं की संध्याकाळी विसर्जन करावंच लागते, तसंच नाही ठेवता येत रात्रभर."

"अन् फोनवर काय दाबलं?"

"लॉगआउट." बापा, काय स्वच्छ उच्चार! "दसऱ्याले श्रेयसनंच तर दाखवलं. म्हणाला, बाबा, आपल्या नंबरावर दुसरं कोणतं यंत्र चालू दिसलं तर लगेच इथून लॉगआउट करायचं, आजकाल फसवणूक फार होते. रोज एक दिसते. रोज करतो."

मी बघतच राहिली. चार दिवस मी अन् श्रेयस डोकं फोडून राहिलो. फोल्डरची जागा बदलली, सॉफ्टवेअर काढलं, उंदराले पिंजरा लावला. अन् पुरोहिताची बायको असून मले अक्षता ओळखू आल्या नाहीत!

"मग मले काहून नाही सांगतलं?"

"मले कोणी विचारलं?"

हे खरं होतं. कोणीच विचारलं नव्हतं. आमी मायलेक यायच्या डोक्यावरून बोलून राहिलो होतो, जसे हे घरात नाहीतच. पण खरं असलं म्हणून राग कमी होत नाही. माझा तर भडकलाच.

"चौतीस वर्षं झाले," मी म्हटलं. "चौतीस वर्षं मी या घरात रोज साडेपाचले चालू होऊन राहिली. माझं केलं का कोणी एखाद्या संध्याकाळी विसर्जन? त्या डब्याले अक्षता, अन् मी? तुमच्या आवाहनापायी अन् विसर्जनापायी माझी पोरगी तिकडं वाट पाहून राहिली, अन् मी इथं चौकोनापुढं फोन धरून उभी! मागच्या वेळेसही ती एकटीच होती. फोन तीनदा वाजला होता. तीनदा! तुमी आयकला होता."

 दोन वर्षं गिळून ठेवलेलं असं मेथीच्या पसाऱ्यात सांडलं.

हे खुर्चीवर टेकले. खाली मान घालून कीबोर्डच्या फटीतले दाणे एकेक करून वेचत बसले. यायच्या बोटाले कंप आहे, दाणा हाती लागायचा अन् निसटायचा. सगळे वेचून वाटीत टाकले, तेव्हा विचारलं, "उद्या गाडी कितीची आहे?"

रात्री जेवताना यायनंच तोडगा काढला. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालूच ठेवायचा. अक्षता वाहीन, विसर्जन म्हणीन, पण फोनवर अंगठा लावणार नाही. श्रेयसले सांगतलं तर तो एवढा हसला की मी त्याले झापलं. "हसून काय राहिला? तूच शिकवलं अन् तूच विसरला!" मग हसणं आवरून म्हणाला, "बाबांले फोन दे." त्यानं यायची माफी मागितली का काय केलं, मले माहीत नाही. हे नुसते "असू दे, असू दे" म्हणत होते.

शनिवारी सकाळी मी शेवटचा चौकोन स्कॅन केला अन् अकोल्याले गेली. मैथिलीनं मले पाहिलं अन् लहान पोरीसारखी रडली. रविवारी सवयीनं साडेपाचले जाग आली. पावणेसहाले माझा फोन वाजला. तिथी, वार, नक्षत्र, राहुकाळ, संकल्प. सगळं बरोबर. चौकोन आला नव्हता, पास टिकला होता. मी फोन कपाळाले लावला. आता पंधरा दिवस काय, महिना राहीन म्हटलं.

सोमवारी पहाटेच आमी मैथिलीले दवाखान्यात नेलं. पाच वाजता तिले खोली मिळाली. जावई फॉर्म भरायले खाली गेला. मी तिची वेणी घालून देत होती, अन् एक डोळा फोनवर. पावणेसहा झाले. मेसेज नाही. दहा मिनिटं कमी सहा. नाही. सहाले पाच कमी होते तेव्हा वरूडहून गोवर्धनचा फोन आला. हा आमचा जुना यजमान, संत्र्याचा बगीचा आहे त्याचा.

"काकू, आज तिथी नाही आली. तोडा सुरू करायचा होता, पूजेले थांबलो. गुरुजीची तब्येत बरी हाय ना?"

 काय झालं असन? पडले असतील का? का लाइट गेली? का परत विसर्जन करून बसले? अन् नेम चुकला म्हणजे आज दिवसभर अन्न नाही, घरात एकटा माणूस, शुगर. काही समजून नाही राहिलं. रागही येऊन राहिला होता अन् भीतीही, दोन्ही एकदम.

मैथिलीनं माझा हात धरला. तिचे हात बर्फासारखे. "आई, बाबांचा मेसेज नाही आला ना? तू जाशील का?"

"नाही," मी म्हटलं. पण तिनं माझं तोंड वाचलं. माझीच लेक ती.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन घरी फोन लावला. उपयोग नव्हता, सहा वाजले होते, हे सोवळ्यात. तरी लावला. वाजू दे, म्हटलं, वाजून वाजून बंद होईन तेव्हा पिंकीले उठवते. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला.

"हं, बोल."

 मी फोन कानापासून काढून नंबर पाहिला. आमचाच.

"तुमी? तुमी फोन उचलला?"

"वाजला ना." आवाज कापत होता, थंडीनं का कशानं. "काल दिवा लावताना मनात पोरीचंच होतं. अंगठा सवयीनं गेला. सकाळी पाहतो तर चौकोन. स्कॅन करून राहिलो होतो, बरोबर मधात बसवला होता, तर तुझा फोन आला अन् सगळं हललं."

"अवो, पण सोवळं..."

"गेलं सोवळं. करीन परत आंघोळ."  मले यायचा श्वास आयकू येत होता. "ते त्या दिवशीच जायले पायजे होतं."

मी भिंतीले टेकली.  दोन वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे आले, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, फरशी पुसणारी बाई पाय उचला म्हणत असताना.

"ठेव आता," हे म्हणाले. "चौकोन बदलून राहिला. अन् तू तिथून हलू नको."

मी खोलीत परत आली, अन् सहा वाजून नऊ मिनिटांनी माझा फोन वाजला. त्याच्या मागोमाग मैथिलीच्या उशाचा. तीही त्या चारशे बारांत आहे. तिनं वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं. "बाबांनी केलं?"

"हो."

"आता? सोवळ्यात?"

"हो."

तिनं फोन छातीवर ठेवला अन् डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, पण ती हसत होती. साडेसातले तिले आत नेलं, तेव्हाही मी दारापर्यंत तिचा हात धरून चालली. दार लागलं तरी तिथंच उभी राहिली.

आठ वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. मी घरी फोन लावला तर अर्ध्या रिंगमध्येच उचलला.

"मुलगी," मी म्हटलं.

"अन् मैथिली?"

"बरी आहे. दोघी बऱ्या आहेत."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी विचारलं, "पूजा झाली?"

"बसलोच नाही अजून. आंघोळ झाली दुसऱ्यांदा. फोन पाटाजवळ ठेवून बसलो होतो." मग म्हणाले, "घाई करू नको यायची. मी जेवतो वेळेवर."

त्या संध्याकाळी यायनं विसर्जन केलं का, अंगठा लावला का नाही लावला, मी विचारलं नाही. मंगळवारचा मेसेज पावणेसहाले आला होता. मी तो आठ वाजता पाहिला. मी झोपली होती.